शनिवारी कापलेली मुळं

मक्याच्या मुळाची टोपी कापायची तर आधी श्वास रोखायचा. हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. पुस्तकं लिहिणाऱ्यांनी टोप्या कापलेल्या नसतात, दुसऱ्याच कुणीतरी त्या कापून दिलेल्या असतात, म्हणून.

या प्रयोगशाळेत ते दुसरं कुणीतरी म्हणजे चिमटेबाई. हे आडनाव नव्हे. एप्रनच्या वरच्या खिशात बारीक टोकाचा चिमटा कायम अडकवलेला असायचा, म्हणून पोरांनी पाडलेलं नाव. तोंडावर मात्र सगळे 'मावशी' म्हणत. एकोणीस वर्षं त्या इथे होत्या आणि एकोणीस वर्षं कंत्राटावर होत्या. नेमणुकीच्या कागदावर त्यांचं काम लिहिलं होतं: 'काचसामान धुणे व तत्सम कामे'. या 'तत्सम'चं पोट केवढं मोठं! त्यात बिया भिजवणं आलं, मुळं मोजणं आलं, स्लाइडी बनवणं आलं, आणि अर्ध्या मिलिमीटरची टोपी पात्याने अशी उडवणं आलं, की मागच्या मुळाला पत्ता लागू नये.

तीन दिवसांचं मूळ ओल्या टिपकागदावर आडवं ठेवायचं. डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावायचं. हे भिंग त्यांच्या सासऱ्यांचं. हात थरथरायला लागल्यावर त्यांनी दुकान बंद केलं आणि भिंग सुनेला दिलं. भिंगातून मुळाचं टोक दिसतं. पुढे पिवळसर, ओलसर, मण्याएवढी टोपी. मागे पांढरं मूळ. मधे केसाएवढी रेघ. पातं त्या रेघेवर टेकवायचं, जरासं उचलायचं, की टोपी देठातून फळ सुटावं तशी सुटते. केसभर मागे गेलात तर मूळ मेलं. केसभर पुढे राहिलात तर अर्धी टोपी शिल्लक राहिली आणि प्रयोग मेला.

पहिल्या वर्षाची पोरं दरसाल विचारायची, "मावशी, टोपी कशाला लागते मुळाला? ऊन तर नाही लागत खाली."

"तू भिंतीत बोट खुपसून बघ," चिमटेबाई म्हणायच्या. "नख तरी राहील का? मुळाला जन्मभर तेच करायचंय. मातीत डोकं घालायचं. म्हणून पुढे टोपी. ती बुळबुळीत असते, रोज घासते, रोज झडते. झडायलाच असते ती. मागून नवी येत राहते."

"कुठून येते?"

"टोपीच्या लगेच मागे कारखाना आहे पेशींचा. तिथून काही पेशी पुढे ढकलल्या जातात, त्यांची टोपी होते. काही मागे राहतात, त्या लांब होतात, त्यांचं मूळ होतं. आणि ऐन मधोमध थोड्या पेशी असतात, त्या काहीच करत नाहीत. नुसत्या बसून. सर त्याला निवांत केंद्र म्हणतात."

"म्हणजे सरांसारखं?"

"हळू बोल. दार उघडं आहे."

पोरं हसायची. चिमटेबाई हसायच्या नाहीत, पण वाक्य खोडूनही काढायच्या नाहीत. मग पुढचं सांगायच्या: टोपी नुसती ढाल नाही, खाली कुठे आणि वर कुठे हे मुळाला टोपीच सांगते. तिच्या पेशींत पिठाचे जड कण असतात, डब्यात गोट्या असाव्यात तसे. डबा आडवा केला की गोट्या घरंगळतात. गोट्या ज्या बाजूला बसल्या ती बाजू खाली, मूळ तिकडे वळतं. टोपी उडवा, मग मूळ आडवं ठेवलंत तर आडवंच चालत राहतं, दिशा विचारायला कुणी नसल्यासारखं.

सरांचा प्रयोग नेमका यावरच होता. सरांनी एक द्रावण तयार केलं होतं. टोपी नसलेलं मूळसुद्धा त्या द्रावणात खाली वळेल, अशी त्यांची कल्पना होती. कल्पना सरांची, तीन वर्षं राबत होती ती खारूताई. ही पीएच.डी. करणारी पोरगी. झटक्यात इकडून तिकडे जायची, टेबलाच्या खणात चिठ्ठ्याचपाट्या आणि बिस्किटांचे अर्धे पुडे साठवायची, म्हणून खारूताई. तीन वर्षांत एक मूळ वळलं नव्हतं. येत्या शुक्रवारी समिती येणार होती आणि प्रकल्प पुढे चालवायचा की गुंडाळायचा हे ठरवणार होती. त्याआधीचा शेवटचा प्रयोग सोमवारी होता. दोन ट्रे, एकेका ट्रेमध्ये साठ मुळं. 'अ' ट्रेला द्रावण, 'ब' ट्रेला साधं पाणी. सगळ्या टोप्या सोमवारी सकाळी आठला कापायच्या.

आणि सोमवारी सकाळी सातला चिमटेबाईंच्या सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, घरी पाहुण्यासारखा यायचा. म्हाताऱ्याचा हात धरायला दुसरं कोण?

रजा मागितली असती तर मिळाली असती. पण कंत्राटी माणसाची रजा म्हणजे सेवेत खंड, आणि खंड पडला की कायम होण्याची फाईल पुन्हा श्रीगणेशापासून. फाईल या वेळी अगदी सरांच्या टेबलापर्यंत पोचली होती. एका सहीचं काम उरलं होतं. त्या सहीसाठी चिमटेबाईंनी तापात येऊन मुळं कापली होती, दाढ सुजलेली असताना कापली होती. आता शेवटच्या पायरीवर पाय घसरू द्यायचा नव्हता.

म्हणून त्यांनी शनिवारी दुपारी, सगळे गेल्यावर, 'अ' ट्रेची साठ मुळं कापून ठेवली. जरा लहान मुळं निवडली, म्हणजे सोमवारी ती बरोबरीची दिसतील. ट्रे विजेवर चालणाऱ्या खालच्या थंड कपाटात ठेवला. टोपी पुन्हा उगवते हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांच्याइतकं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. टोपी कापली की त्या निवांत बसलेल्या पेशी जाग्या होतात आणि नवी टोपी करायला घेतात. पण थंड कपाटात हे काम फार सावकाश चालतं. सोमवारपर्यंत काही होत नाही, हे त्यांनी दहा वेळा पाहिलं होतं.

सोमवारी साडेनऊला त्या धापा टाकत आल्या, 'ब' ट्रे कापला आणि दोन्ही ट्रे खारूताईच्या पुढ्यात ठेवले. रजिस्टरात खारूताईने नेहमीप्रमाणे आधीच लिहून टाकलं होतं: 'सोमवार, सकाळी ८. अ आणि ब.' पुढे 'कापणार' या रकान्यात तिची सही. पद्धतच होती ती. त्या रकान्यात एकोणीस वर्षांत पाच-सहा जणांच्या सह्या येऊन गेल्या होत्या. चिमटेबाईंची एकदाही नव्हती. काचसामान धुणाऱ्या बाईने कापल्याचं लिहायचं कसं?

संध्याकाळी 'अ' ट्रेमधली साठच्या साठ मुळं खाली वळली. 'ब' मधली आडवीच राहिली.

मंगळवारी सर चक्क प्रयोगशाळेत आले. एरवी ते आपल्या खोलीतून फोनवरच काय ते विचारायचे. त्यांनी ट्रे उचलून खिडकीपाशी नेला, चष्मा वर केला, खाली केला.

"वळली! अहो, वळली ना ही! आणि लांबही झालीत बघा पाण्यातल्यांपेक्षा. द्रावणाने वाढसुद्धा सुधारते म्हणायची!"

खारूताई हसत होती आणि रडत होती. सरांनी सगळ्यांना चहा मागवला. कप धुवायला अर्थात चिमटेबाईच होत्या. कप विसळताना त्यांच्या मनात किंचित काही खुपलं, पण चार माणसं आनंदात असताना खुपलेल्या गोष्टीला लगेच कुणी चिमटा लावत नाही.

बुधवारी रखवालदार दारात उभा राहून कपाळ पुसत म्हणाला, "रविवारी वायरिंगचं काम निघालं, मावशी. दिवसभर लाइट नाही. पंखा नाही, काही नाही. शिजलो मी."

"दिवसभर?"

"सकाळी सातला गेली ती रात्री नऊला आली."

चिमटेबाईंच्या हातातली काचेची नळी बेसिनमध्ये पडली. फुटली नाही. त्या तशाच खालच्या कपाटापाशी गेल्या, त्याच्या दाराला हात लावून उभ्या राहिल्या. मग 'अ' ट्रेमधलं एक मूळ उचललं, टोक कापून काचेवर ठेवलं, आयोडीनचा थेंब सोडला. आयोडीन पिठाला भेटलं की जांभळं होतं. मुळाच्या टोकाला पीठ असतं ते टोपीत. त्यांनी भिंग लावलं.

गर्द जांभळं.

दुसरं मूळ, जांभळं. सहावं, जांभळं. 'ब' मधलं घेतलं, सोमवारी कापलेलं: दोन दिवसांनी त्याच्या टोकाशीही जांभळी छटा धरू लागली होती. म्हणजे टोपी तिथेही परत येत होती. 'अ'ला नुसता दोन दिवसांचा जास्तीचा अवधी मिळाला होता. द्रावणाने काडीचं काही केलं नव्हतं. खाली वळली ती नवीन टोपी घातलेली मुळं होती. लांब झाली ती रविवारच्या उकाड्याने.

घरी सासरे डोळ्यावर पट्टी बांधून खुर्चीत बसले होते. चिमटेबाईंनी चहा केला, त्यांच्या हातात कप देण्याआधी ढवळत राहिल्या.

"सूनबाई," म्हातारा म्हणाला, "साखर केव्हाच विरली. कपाचा काय दोष?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. सासरे गोष्ट संपल्यावर म्हणाले, "मी घड्याळाच्या मागच्या झाकणाच्या आतून काय कोरायचो, आठवतं?"

"तारीख."

"तारीख आणि माझी खूण. गिऱ्हाईकाला ती कधी दिसत नाही. दिसते पुढच्या घड्याळजीला. एकदा एका घड्याळात मी भलतीच स्प्रिंग बसवली. चाललं ते, दोन वर्षं चाललं. मग एक दिवस कुठल्या तरी लांबच्या गावचा घड्याळजी ते घेऊन माझ्या दुकानात हजर. झाकण उघडून दाखवलं आणि म्हणाला, 'हे गाढव आपणच का?'"

"मग?"

"म्हटलं, मीच. बसा, चहा घ्या. पुढे वीस वर्षं दोस्ती होती आमची."

"आणि खूण कोरली नसती तर?"

"तर मी तेवढाच गाढव असतो. फक्त त्याला माझा पत्ता सापडला नसता."

चिमटेबाईंनी कप त्यांच्या हातात दिला. "मामंजी, दुकान तुमचं होतं. तुम्हाला तिथून कुणी काढणार नव्हतं."

म्हाताऱ्याने चहाचा घोट घेतला. पट्टीखालचा डोळा मिटलेला, उघडा डोळा भिंतीकडे.

"ते मात्र खरं," तो म्हणाला. "तिथे मी तुला काही शिकवू शकत नाही."

गुरुवारी चिमटेबाई सरांच्या खोलीत गेल्या. टेबलावर कागदांचा ढीग, ढिगावर त्यांची फाईल, फाईलवर चहाचा कप. फाईलच्या पुठ्ठ्यावर कपाच्या बुडाची वर्तुळं उमटली होती. एकात एक, एकावर एक. झाडाचं वय खोडातल्या वर्तुळांवरून मोजतात म्हणे. या फाईलचं कपावरून मोजता आलं असतं.

"फाईलचं ना?" सर मान वर न करता म्हणाले. "उद्या समिती जाऊ दे. लगेच सही."

"फाईलचं नाही, सर. मुळांचं."

त्यांनी सांगितलं. शनिवार, कपाट, वीज, आयोडीन. एका दमात, पातं टेकवून उचलावं तसं.

सरांनी पेनाला टोपण लावलं. "किती मुळांत टोपी आढळली?"

"मी तीस तपासली. तीसच्या तीस."

"तुम्हाला आयोडीन वापरायला कुणी सांगितलं?"

"सर, त्या बाटलीवरची चिठ्ठीसुद्धा माझ्या अक्षरात आहे."

सर उठले, दार लावलं, परत बसले. आवाज अगदी मऊ केला. "मावशी, रजिस्टर काय म्हणतं? सोमवार, सकाळी आठ. कापणार कोण? पोरगी. तुमचं नाव आहे कुठे? नाही. कारण तुम्ही काचसामान धुता. तुम्ही कापलंच नाही. मग जे तुम्ही केलंच नाही, त्यात तुमची चूक होईलच कशी?"

 काचसामान धुण्यात चिमटेबाईंची हयात गेली होती, पण इतकी चकचकीत धुलाई त्यांनीही कधी केली नव्हती. एकोणीस वर्षांचं काम एका वाक्यात निघून गेलं, डाग म्हणून राहिला नाही.

"आणि हे बघा," सरांनी कप उचलून बाजूला ठेवला. "याच्याखाली काय आहे?"

"माझी फाईल."

"मग? उद्या सगळं नीट पार पडू दे. तुमचंही नीट होईल."

चिमटेबाई बाहेर आल्या, हात धुतले, रजिस्टर काढलं. हे रजिस्टर जाड पुठ्ठ्याचं होतं आणि त्याच्या पानांवर छापील आकडे होते. एक पान फाडलं तर आंधळ्यालाही कळावं. सोमवारच्या ओळीखाली त्यांनी पेनाने लिहायला सुरुवात केली. अक्षर सुरुवातीला हललं. मग त्यांनी श्वास रोखला.

'दुरुस्ती. अ ट्रे, ६० मुळं, शनिवारी दुपारी दीड वाजता कापली. खालच्या कपाटात ठेवली. रविवारी दिवसभर वीज नव्हती. ब ट्रे, सोमवारी सकाळी साडेनऊ. बुधवारी आयोडीन: अ मधल्या तपासलेल्या ३० मुळांना पूर्ण टोपी. कापणार:'

इथे पेन थांबलं. त्या रकान्यात सही केली की चूक आपली झाली, हे सरळ होतं. पण सही केली की त्याआधीच्या एकोणीस वर्षांचं कापणंही आपलं झालं, हे त्यांना तेव्हाच, पेन टेकवताना सुचलं. त्यांनी सही केली. चांगली लांबलचक, पूर्ण नावाची. रकान्यात मावली नाही. शेजारच्या रकान्यात शिरली.

संध्याकाळी खारूताईने ते पान वाचलं. ती आली तेव्हा तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता.

"मावशी, तीन वर्षं! तीन वर्षांत एकदा काही वळलं माझं, आणि तेही तुम्ही..."

"हो."

"मला सांगायचं होतं ना शनिवारी! मी कापली असती सोमवारी."

"तू कापली असतीस तर साठातली चाळीस मेली असती."

"पन्नास," खारूताई रडत म्हणाली, आणि रडतानाच फिसकन हसली. मग स्टुलावर बसली. तिने रजिस्टर पुढ्यात ओढलं. "आणि ही सोमवारची सही माझी. मी कापलं होतं का? गेली तीन वर्षं मी कापलं होतं का एकदा तरी?"

"तुझं काय त्यात? पद्धत आहे ती."

"कुणी पाडली?"

"पाडायला कशाला कोण लागतं? पायरी झिजते तशी पडते. रोज कुणीतरी पाय ठेवतं, बस."

खारूताईने पेन घेतलं आणि चिमटेबाईंच्या ओळीखाली लिहिलं: 'सोमवारची सही माझी आहे. मी कापलेलं नाही.' सही केली, तारीख घातली. मग दोघींनी मिळून 'अ' ट्रेमधली उरलेली तीस मुळं तपासली. एक सोडून सगळी जांभळी. ते एक कुजलं होतं.

शुक्रवारी सकाळी खारूताई रजिस्टर घेऊन सरांच्या खोलीत गेली आणि दहा मिनिटांनी बाहेर आली. आत काय बोलणं झालं ते तिने सांगितलं नाही. समितीपुढे सरांनी वळलेल्या मुळांचं चित्र दाखवलं नाही, एवढं सगळ्यांना दिसलं. समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, "नवीन काही?" सर म्हणाले, "तूर्तास नाही." समितीने चहा घेतला, प्रकल्पाला आणखी सहाच महिने दिले आणि ती निघून गेली. सरांना साक्षात्कार झाला, असं कुणी समजू नये. रजिस्टरात दोन सह्या होत्या आणि पानांवर छापील आकडे होते.

संध्याकाळी सर कुणाशी न बोलता घरी गेले. कप फाईलवरच होता. चिमटेबाईंनी तो उचलला, धुतला आणि पुन्हा फाईलवर न ठेवता खिडकीत ठेवला. कंत्राट महिनाअखेरीस संपत होतं. जे व्हायचं ते होईल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. पण रात्री जेवताना सासऱ्यांनी दोनदा विचारलं तरी मीठ त्यांच्या हातातच राहिलं.

शनिवारी दुपारी दोनला त्या बाटल्या पुसत होत्या. खारूताई कोपऱ्यात बिया मोजत होती. दार उघडलं आणि सर आत आले. शनिवारी दुपारी सर येण्याची ही पहिलीच वेळ. त्यांनी एप्रन घातला होता, घडीच्या रेघा तशाच उमटलेल्या. ते स्टुलावर बसले.

"पातं द्या."

चिमटेबाईंनी पातं दिलं, टिपकागद ओला केला, मूळ ठेवलं. सरांनी चष्म्यातून पाहिलं, पातं टेकवलं. हात हलला. मुळाचा चेंदा झाला. दुसरं घेतलं, तेही गेलं. तिसऱ्याचं अर्धं मूळच तुटलं. खारूताईने मक्याचे दाणे मोजायचं सोडून दिलं होतं, पण मान वर केली नव्हती. चौथं सरांनी फार जपून केलं, इतकं जपून की पातं टोपीवरूनच घसरून टेबलात रुतलं.

"सतरा वर्षांपूर्वी मला यायचं हे," सर म्हणाले.

"यायचं. शेवटचं पातं मीच धुतलं होतं तुमचं."

"आता काय होतंय?"

"श्वास चालू आहे तुमचा. तो थांबवा. आणि हे लावा." त्यांनी खिशातून भिंग काढून दिलं.

सरांनी चष्मा काढला, भिंग लावलं. बराच वेळ नुसतं पाहिलं. सतरा वर्षांत ती रेघ त्यांनी पाहिली नव्हती. मग श्वास थांबला, पातं टेकलं, उचललं. पात्याच्या टोकावर एक पिवळसर मणी आला. मागचं मूळ अख्खं, पांढरं, जसंच्या तसं.

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"एका घड्याळजीने."

सरांनी भिंग परत दिलं. ते उठणार तेवढ्यात चिमटेबाईंनी रजिस्टर त्यांच्याकडे फिरवलं. "सर, इथे. शनिवार, सव्वादोन. पाच मुळं, चार वाया."

"वाया गेलेलीही लिहायची?"

"तीच आधी."

सरांनी लिहिलं आणि 'कापणार'मध्ये सही केली. त्यांची सही लहानशी होती. चिमटेबाईंच्या दोन रकाने व्यापणाऱ्या सहीखाली ती अंग चोरून बसली. मग ते आपल्या खोलीत गेले आणि फाईल घेऊन परत आले. पुठ्ठ्यावरची वर्तुळं बाहीने पुसून पाहिली. निघाली नाहीत.

"इथे अभिप्राय लिहावा लागतो," ते म्हणाले. "कामाबद्दल. मला खोटं लिहिता येणार नाही आता. चूक लिहावी लागेल."

"लिहा. आणि मी कापते हेही लिहा."

"मग वरचे विचारतील, काचसामान धुणारी बाई कापते कशी?"

"विचारू देत की. एकोणीस वर्षांत एकदा तरी कुणी विचारू दे."

सर उभ्याउभ्याच लिहू लागले. चार ओळी लिहिल्या. चिमटेबाईंना उलट्या बाजूने वाचता येत होतं. रोज दुसऱ्याच्या टेबलापलीकडे उभं राहणाऱ्याला ते येतंच. 'प्रयोगातील मुळे गेली अनेक वर्षे याच कापतात. एकदा वेळेची चूक केली. ती स्वतः नोंदवली. ती नोंद नसती तर चुकीचा निष्कर्ष माझ्या नावाने गेला असता.' खाली सही, खाली तारीख.

ती फाईल सोमवारी वरच्या कार्यालयात गेली. तिथे आणखी टेबलं आहेत आणि प्रत्येक टेबलावर एकेक कप आहे, हे कुणी सांगायला नको. कंत्राट तेवढं महिनाअखेरीस पुढच्या सहा महिन्यांचं झालं. चिमटेबाईंनी घरी जाऊन सांगितलं तेव्हा सासरे म्हणाले, "खूण आत कोरलीस ना? मग झालं. पुढचा घड्याळजी उघडेल तेव्हा उघडेल." त्यांच्या डोळ्यावरची पट्टी त्या दिवशी निघाली होती आणि ते भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा बघत बसले होते, पोराने आगगाडी बघावी तसे.

पण हे नंतरचं. त्या शनिवारी, सर दार ओढून गेल्यावर खारूताई हळूच स्टुलासकट चिमटेबाईंजवळ सरकली.

"मावशी, निवांत केंद्र उठलं."

"गप."

"टोपी उडवल्याशिवाय उठत नाही म्हणे ते."

या वेळी चिमटेबाई हसल्या, भिंग टेबलावर ठेवावं लागेपर्यंत हसल्या. मग डोळे पुसून त्यांनी नवा ट्रे पुढे ओढला. टोपी परत यायला नेमके किती तास लागतात, हे या प्रयोगशाळेत कुणी कधी मोजलंच नव्हतं. त्या फक्त अंदाजाने जगत आल्या होत्या. सहा महिन्यांत खारूताईला आता तेच मोजायचं होतं. दर दोन तासांनी पाच मुळं, दर वेळी आयोडीन.

"बस इथे," त्या म्हणाल्या. "पहिली दहा मी कापते. पुढची दहा तू."

"मरतील, मावशी."

"मरू दे. लिहून ठेवू."

खारूताईने भिंग डोळ्याला लावलं, वाकली आणि श्वास रोखला.